सगुणेच्या आडाची थोरली आत्ती

थोरल्या आत्तीला राग यायला मोठं कारण लागत नसे. तिच्यासमोर एखाद्या तालुक्याचं नाव फुकटच्या तोऱ्यात घेतलं तरी पुरे होई. मी त्या वस्तीवरच्या दोनखोली शाळेवर हजर झालो, त्याच दिवशी ती काठी टेकत शाळेत आली. भिंतीवर मी नुकताच सातारा जिल्ह्याचा नकाशा टांगला होता. तिनं काठीचं टोक नकाशावर ठेवलं आणि विचारलं, "ह्यात आमी कुठं हाय?" मी माण तालुक्यावर बोट ठेवलं. "माण न्हवं. आमी. आमची वस्ती." वस्ती नकाशात नव्हती, तसं मी सांगितलं. "मंग हे कशापायी टांगलंय? जिथं टांगलंय तेच ठिकाण ठावं न्हाई ह्या कागदाला. उतरवा." मला हसू आलं. ती हसली नाही. मी नकाशा उतरवला नाही म्हणून पहिले पंधरा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला. ऊस, पाट, विहिरीवरची मोटर, यात वाढलेला माणूस. सातारा जिल्हा जिथं संपतो आणि पलीकडं सांगलीची आटपाडी सुरू होते, तिथल्या उघड्या माळावरच्या तीस-पस्तीस घरांच्या मेंढपाळ वस्तीवर माझी बदली झाली, तेव्हा मला शिक्षा झाल्यासारखंच वाटलं होतं. तिथं आठ वर्षं काढली. या आठ वर्षांत मला जे काही भूगोल म्हणून समजलं ते पुस्तकातून नाही, त्या म्हातारीकडून समजलं. आणि तिच्या बाबतीत जे घडलं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. हे लिहितानाही फिरलेलंच आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तिकडं सुना सासूला आत्ती म्हणतात. वस्ती सगळी एका भावकीची, त्यामुळं तिथली प्रत्येक बाई या ना त्या नात्यानं तिची सून लागायची आणि ती सगळ्यांची थोरली आत्ती. वय पंचाहत्तरीच्या पुढं. अंगानं उंच, काटक. हिरवं लुगडं, पायात टायरच्या वहाणा, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. बिरोबाचा तो पिवळाधमक भंडारा तिच्या बोटांना कायम लागलेला असे. ती शाळेत येऊन गेली की दाराच्या चौकटीवर पिवळी बोटं उमटलेली दिसत आणि पोरं म्हणत, "गुरुजी, आज्जी येऊन गेली."

तिला सही येत नव्हती. पण सातारा-सांगलीतले बहुतेक तालुके तिला पायांनी पाठ होते. दिवाळी झाली की वस्तीतले लोक मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं बाहेर पडत. माणमधून खटाव, मग कोरेगाव, तिथून कराड, खाली वाळवा, कधी उलट्या अंगानं आटपाडी, कवठे महांकाळ, पार जतपर्यंत. वाटेत कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, चार दिवस मुक्काम करायचा, पुढं निघायचं. अशी पन्नास वर्षं ती चालली होती. कुठल्या तालुक्यात माणसं ताक मागितलं तर देतात आणि कुठल्या तालुक्यात कुत्री सोडतात, हे तिला माहीत होतं. "तुमच्या वाळव्यात ताक द्यात्यात, पर मोजून," असं तिनं मला तोंडावर सांगितलं. ते खोटं नव्हतं.

तालुक्याच्या कचेरीविषयी तिला मनापासून तिरस्कार होता. मी एकदा वर्गात शिकवत होतो, "माण तालुक्याचं मुख्य ठिकाण दहिवडी." ती बाहेर ओट्यावर बसली होती. तिथूनच ओरडली, "मास्तर, माण नावाचं गाव हुडकून दावा मला." मी म्हणालो, तसं गाव नाही. "व्हय ना? माण म्हंजी माणगंगा. नदीचं नाव तालुक्याला दिलंय. दहिवडीत निस्ती कचेरी बसलीया. खटावची कचेरी वडूजला, जावळीची मेढ्याला, खानापूरची विट्याला. आन तुमच्या वाळव्याची तरी वाळव्यात हाय का?" पोरं माझ्याकडं बघायला लागली. वाळव्याची कचेरी वाळव्यात नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं, पण त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं कधी वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "कचेरी आज हितं हाय, उद्या उठून दुसरीकडं जाईल. नाव हालत न्हाई. म्हणून पोरास्नी आधी नाव शिकवा, मंग कचेरी."

नावं कशी पडतात याचं तिचं एक शास्त्र होतं. तिच्या मते गावाला नाव द्यायचा पहिला मान पाण्याचा, मग झाडाचा, मग देवाचा. माणसाचा मान सगळ्यात शेवटी, तोही त्यानं त्या जागी पाणी काढलं असेल तरच. कवठे महांकाळ हे तिचं आवडतं उदाहरण. "कवठ झाडाचं, महांकाळ देवाचं. त्यात कुणाचा बा हाय का?" पलूस तिच्या हिशेबानं पळसाच्या झाडांवरून, वडूज वडावरून. आटपाडीची तर ती तीन वेगवेगळ्या कारणांनी तीन वेगवेगळी उत्पत्ती सांगायची आणि तिन्ही ठामपणे. तिची सगळी सांगणी खरी असतील असा माझा दावा नाही. पण गावाच्या नावामागं काहीतरी कारण असलं पाहिजे, कुणाच्या तरी घामाचं किंवा कुठल्या तरी सावलीचं, एवढा तिचा आग्रह खरा होता. सांगलीला तिच्या सासऱ्याच्या पिढीतली माणसं दक्षिण सातारा म्हणायची. तीही रागात असली की सांगलीला दक्षिण साताराच म्हणे. "धाकला भाऊ येगळा निगाला म्हणून काय, बापाचं नाव टाकायचं?"

शीव ओलांडताना ती चिमूटभर भंडारा टाकल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नसे. गावाची शीव असो की तालुक्याची. एकदा तिला डोळे तपासायला मी एसटीनं वडूजला घेऊन निघालो होतो. माण संपून खटाव लागलं तशी तिनं खिडकीतून मूठभर भंडारा बाहेर उधळला. वाऱ्यानं तो सगळा आत आला आणि कंडक्टरचा सदरा, टोपी, मिशा पिवळ्या झाल्या. कंडक्टर चिडला. ही त्याच्यावर दुप्पट चिडली. "रोज हितनं जातुयास, कवा पाया पडलास का ह्या शिवंच्या? मंग आज पडलास आसं समज." सगळी गाडी हसली. शेवटी कंडक्टरही हसला आणि उतरताना त्यानंच तिचा हात धरला.

दोन जिल्ह्यांतल्या गावांची नावं अशी घडाघडा सांगणारी ही बाई स्वतःच्या वस्तीचं नाव मात्र कधी घेत नसे. "आमची वस्ती", नाहीतर "आडाची वस्ती". आजूबाजूच्या गावचे लोक मात्र त्या वस्तीला सगुणेचा आड म्हणत. आड म्हणजे लहान विहीर. मला पहिल्यांदा हे कोडंच वाटलं. मग तिची सून कमळ हिनं एकदा हळू आवाजात, नाव न घेताच, उलगडा केला. सगुणा हे थोरल्या आत्तीच्या सासूचं नाव. नवऱ्याचं, सासऱ्याचं, सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही तिकडची जुनी चाल. वस्तीतल्या सगळ्या सुना ती पाळत. सगुणा त्यातल्या कुणाची सासू, कुणाची आजेसासू, कुणाची चुलतसासू. म्हणजे वस्तीच्या नावाची बाई जिथं राहून गेली, तिथल्या एकाही बाईला वस्तीचं नाव उच्चारता येत नव्हतं. मी तेव्हा हसलो होतो. वहीत गंमत म्हणून टिपूनही ठेवलं होतं. त्या टिपणाची आज मला लाज वाटते.

आडाची हकिकत थोरल्या आत्तीनंच मला सांगितली. मूळ गाव वस्तीपासून तासाभराच्या चालीवर. टंचाईच्या एका वर्षी गावातल्या विहिरीवर वस्तीच्या बायका पाण्याला जात. ती विहीर एका बड्या बागायतदाराच्या मळ्यात होती. त्याला सगळे रावसाहेब म्हणत. एके दिवशी रावसाहेबानं विहिरीचा रहाट उतरवून घरात नेऊन ठेवला आणि सांगितलं, मेंढरांच्या माणसांना पाणी नाही. सगुणा रिकामी घागर घेऊन परत आली ती घरात गेलीच नाही. ओढ्याच्या कडेला एक जागा बघून तिनं कुदळ मारली. थोरली आत्ती तेव्हा नवी नवरी. "माझ्या अंगाची हळद निघाली न्हवती मास्तर. मी पाट्या वाहिल्या. माती, मुरूम, मंग फोडलेला धोंडा. त्या वरसाचा सगळा उन्हाळा. सात परस खोल गेल्यावर पाणी लागलं." एक परस म्हणजे एक माणूस उभा राहील एवढी खोली. त्या आडाचं पाणी पुढच्या कुठल्याही दुष्काळात आटलं नाही. रावसाहेबाच्या विहिरीला कोरड पडली त्या साली त्याच्याच घरच्या बायका इकडं पाण्याला आल्या. सगुणेनं त्यांना पाणी दिलं. थोरली आत्ती हे सांगताना म्हणाली, "तिच्या जागी मी आसते तर दिलं नसतं."

मी तिथं असताना वस्तीला स्वतंत्र महसुली गाव करायचं ठरलं. म्हणजे मूळ गावाच्या पोटात न राहता वस्तीचं आपलं दप्तर, नकाशात आपला ठिपका, आपलं नाव. सगळ्यांपेक्षा थोरली आत्ती खूष झाली. तिनं मला नकाशासमोर उभं करून विचारलं, "ठिपका कुठं दील सरकार? दावा." मी पेन्सिलीनं टिंब काढलं. तिनं त्या टिंबावर पिवळं बोट टेकवलं. नावाचा अर्ज मी लिहिला. "सगुणेचा आड" हे नाव का, याची सगळी हकिकत दोन पानं लिहिली, वस्तीतल्या बायकांचे अंगठे घेतले. मूळ गावच्या ग्रामसभेत ठराव व्हायचा होता. मी त्यांना सांगितलं, "काही अवघड नाही. सभेला यायचं, हात वर करायचा."

रावसाहेबाचा मुलगा आता गावच्या सोसायटीचा चेअरमन होता. त्याला नव्या गावाला बापाचं नाव द्यायचं होतं. रावसाहेबनगर. ज्यानं रहाट उतरवला त्याचं नाव आडाच्या गावाला. मला हे कळलं तेव्हाही मी निर्धास्त होतो, कारण आमचा अर्ज आधीचा होता आणि नावामागं हकिकत होती. मी शिकलेला मूर्ख. सभा घेतली माघ महिन्यात. वस्तीतले झाडून सगळे पुरुष एकतर मेंढरांमागं वाळवा-कराडकडं, नाहीतर मुंबईला हमालीला. वस्तीत पुरुष म्हणून मी आणि अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा. वस्तीच्या लेकी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या. सभेला गेल्या त्या सगळ्या सुना. ही तारीख चेअरमननं मुद्दाम धरली होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही, नंतर कळलं.

तालुक्याहून आलेले साहेब खुर्चीवर बसले होते. आमचा अर्ज त्यांच्या हातात होता. चेअरमन उठून अगदी गोड आवाजात म्हणाला, "सायेब, अर्जावर अंगठं हायत, पण अक्षर मास्तरांचं. सूचकानं सभेत उभं राहून नाव तोंडानं सांगावं, म्हंजी उद्या वाद नको." साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी मान हलवली. थोरली आत्ती उभी राहिली.

"बोला आजी, काय नाव द्यायचं?"

"ज्या बाईनं आड खांदला तिचं."

"कोण ती?"

"माझी सासू."

"बरं. तिचं नाव?"

ती थांबली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला. "माझ्या मालकाची आय," ती म्हणाली. मागं कुणीतरी हसलं. "कागदावर लिवलंय की सायेब. वाचा की."

चेअरमन म्हणाला, "आवं आत्ती, उखाणा घ्या हवं तर." मग सगळी सभा हसली. कमळ तिच्या शेजारी होती, तिचंही तोंड उघडेना. सासू शेजारी उभी असताना आजेसासूचं नाव कसं घ्यायचं? बाकीच्या बायका खाली बघत होत्या. मी उठून मोठ्यानं म्हणालो, "सगुणा. तिचं नाव सगुणा. गावाचं नाव सगुणेचा आड." साहेबांनी मला विचारलं, तुम्ही इथले मतदार आहात का? मी नाही म्हणालो. "मग गुरुजी, तुमचं म्हणणं नोंदवता येत नाही. बसा." मी बसलो. पुढं चहा येईपर्यंत रावसाहेबनगरचा ठराव मंजूर झालासुद्धा.

या सगळ्यात मला कुणाकुणाचा राग येतो ते सांगून टाकतो. सासूचं नाव घेऊ न देणाऱ्या त्या चालीचा येतो. कुणी केली, कुणासाठी केली, आणि साठ-साठ वर्षं बायकांनी ती मुकाट का पाळली? पण त्याहून जास्त येतो त्या चेअरमनचा. तो परका नव्हता, तिथलाच होता. त्याची आईही सासूचं नाव घेत नव्हती. त्या बायकांच्या तोंडातून ते नाव निघणार नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं, आणि म्हणूनच त्यानं ते तोंडानं सांगा म्हटलं. आणि माझा स्वतःचा येतो. माझ्या वहीत हे टिपलेलं होतं, तरी "काही अवघड नाही" असं मीच त्यांना सांगून सभेला नेलं होतं.

परतीच्या वाटेवर मी चेअरमनला शिव्या देत चाललो होतो. थोरली आत्ती अर्ध्या वाटेवर थांबली. "तुमी नाव बोलला त्ये बरं केलं," ती म्हणाली. "पर बस म्हणल्यावर बसला कशाला? एकदा बोलल्यावर बसत्यात व्हय?" नोकरीची भीती होती, बदलीची भीती होती. मी तिला यातलं काही सांगितलं नाही.

हरकती घ्यायला काही दिवसांची मुदत होती. एका सकाळी ती माझ्या दारात आली. कपाळभर भंडारा लावलेला. "चला दहिवडीला." कचेरीत एका टेबलाशी आम्हाला पाठवलं. तिथला कारकून कसलीतरी यादी संगणकात भरत होता. थोरली आत्ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाली, "सगुणा." तिनं पुन्हा म्हटलं, "सगुणा. माझी सासू. तिनं आड खांदला. गावाला तिचं नाव पायजे." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साठ वर्षांत एकदाही न घेतलेलं नाव ती बाई त्या कचेरीत घेत होती. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "आजी, हरकत लेखी द्या. आवक पलीकडच्या खिडकीत." मी त्या माणसाची गचांडी धरली नाही, एवढंच. आम्ही पलीकडच्या खिडकीत लेखी हरकत दिली, शिक्का मारून घेतला. त्या हरकतीचं उत्तर कधीच आलं नाही.

त्या दिवसापासून तिनं आडाचं पाणी बंद केलं. "तिचं नाव तोंडातनं काडलं. आता कुठल्या तोंडानं तिचं पाणी पिऊ?" शेजारच्या वस्तीवरून कमळ तिच्यापुरती एक कळशी आणायची. मी समजावलं, चिडलोसुद्धा. म्हणालो, ज्या बाईनं रावसाहेबाच्या घरच्यांना पाणी दिलं, ती तुम्हाला नाही म्हणेल? ती म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं, मास्तर." पाच दिवसांनी तिनं आडाच्या कडेला हिरवा खण आणि बांगड्या ठेवल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्याली. उठताना मला म्हणाली, "बोलली न्हाई काय ती. मंग चालतंय."

पुढं राजपत्र आलं. माणसं आली, वस्तीच्या तोंडाशी दोन खांब रोवून निळी पाटी लावून गेली. रावसाहेबनगर. थोरली आत्ती त्या पाटीकडं पाठ करून जाई. वाट वाकडी करून, काट्यांतून जाई, पण पाटीखालून गेली नाही. मी शाळेतल्या नकाशावरचं पेन्सिलीचं टिंब खोडलं नाही आणि त्याच्याजवळ काही लिहिलंही नाही. नंतर माझी बदली झाली. निघताना तिनं माझ्या कपाळाला भंडारा लावला, आणि म्हणाली, "जाताना शिवंवर थांबा वाईच. गाडीतनं उधळू नगा, त्या कंडक्टरचं कपडं खराब हुत्यात."

दोन महिन्यांपूर्वी तिचा मुलगा धुळा याचा फोन आला. आई गेली. मी गेलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मृत्यूचा दाखला काढायला धुळा आणि कमळ ग्रामपंचायतीत निघाले होते, मीही त्यांच्याबरोबर गेलो. खिडकीपलीकडं संगणकावर बसलेल्या माणसानं विचारलं, "मयताचं नाव?" धुळा सांगणार, तेवढ्यात कमळ पुढं झाली. तिनं पदर खांद्यावर टाकला आणि सासूचं नाव घेतलं. "ठकुबाई." धुळा तिच्याकडं बघतच राहिला. "मृत्यूचं ठिकाण?"

"सगुणेचा आड."

"तसं गाव यादीत नाही. रावसाहेबनगर टाकतो."

"टाकू नगा."

"ताई, दुसरं काही टाकता येत नाही. आणि कोरं ठेवलं तर सिस्टीम पुढं जात नाही."

"मंग र्‍हाऊ द्या. दाखला नगं."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावलं की मृत्यूची नोंद करावीच लागते, दाखल्याशिवाय वारसनोंद होणार नाही, जमीन धुळाच्या नावावर चढणार नाही. कमळ म्हणाली, "नगं चढू द्या. माझ्या सासूनं तिच्या सासूचं नाव घितलं, त्ये काय रावसायबाच्या गावात मराया?"

धुळा बायकोच्या मागं बाहेर आला.

तो दाखला अजून निघालेला नाही. कमळ दर सोमवारी ग्रामपंचायतीत जाते. खिडकीशी उभी राहून दोन्ही बायकांची नावं आणि गावाचं नाव मोठ्यानं सांगते. यादीत नाही असं तो म्हणाला की घरी येते. गेल्या सोमवारी तिच्याबरोबर वस्तीतल्या आणखी चार सुना होत्या, आणि चौघींनीही नावं घेतली.